दम, शिट्टी आणि घड्याळ

श्रोतेहो, थंडीचे दिवस आहेत असे समजा. तारापूर-चिंचणीच्या बाजूचे एखादे गाव. भाताची झोडणी उरकली आहे. खळ्याशेजारची जमीन पाणी मारून, ठोकून सपाट केली आहे, चारी बाजूंनी बांबू बांधले आहेत आणि वर दिव्यांचे झोत सोडले आहेत. रात्रीचे अकरा वाजले तरी माणूस जागचे हलत नाही. गुण सारखे झाले आहेत. एक गडी चढाई करून परततो, मध्यरेषेपलीकडे झेप टाकतो, आणि त्याच क्षणी दोन आरोळ्या उठतात. एक म्हणते, “हात लागला!” दुसरी म्हणते, “अरे, दम कधीच तुटला होता!” मग बांबूच्या आतले आणि बाहेरचे सगळेच पंच होतात.

हा देखावा तुम्हांला नवा नाही. खेळाचा इतिहास म्हटला की आपण जिंकलेल्या ढाली मोजतो, नामांकित खेळाडूंची नावे घेतो. आज मी तुम्हांला या भांडणाचा इतिहास सांगणार आहे. हात लागला की नाही, दम होता की नव्हता, हे ठरवायचे कुणी आणि कशावरून? कबड्डीचे निम्मे नियम या एका प्रश्नातून जन्माला आले आहेत.

आधी नावेच पाहा. क्रिकेटमध्ये अंपायर असतो, फुटबॉलमध्ये रेफरी असतो. आपल्या कबड्डीत दोन्ही बाजूंना दोन पंच आणि त्यांच्यावर एक सरपंच. ही माणसे गावच्या चावडीवरून उठून मैदानात आली. चावडीवर पंचाचा शब्द चालायचा, कारण पंच सर्वांच्या ओळखीचा आणि त्याला उद्या पुन्हा त्याच गावात तोंड दाखवायचे असायचे. मैदानातही सुरुवातीला तेच बळ होते. पुस्तकात काय लिहिले आहे हे कुणी विचारीत नव्हते, कारण पुस्तकच नव्हते.

त्या वेळी आपण या खेळाला हुतूतू म्हणत होतो. बंगालात तो हाडुडु, दक्षिणेत चेडुगुडु. खेळ एकच, पण घोष निराळा आणि रीतही निराळी. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा उठायचा. गामिनीत एकदा बाद झालेला बाहेरच राहायचा, सगळा संघ संपेपर्यंत. अमर नावाच्या प्रकारात बाद झालेला मैदान सोडतच नसे, फक्त गुण मांडला जाई. गडी कुठे सात, कुठे नऊ. मैदान गावच्या ऐपतीप्रमाणे. एकाच गावात खेळत होतो तोवर यात काही अडले नाही. अडले ते दुसऱ्या गावाशी गाठ पडली तेव्हा. आमच्यात गडी उठतो आणि तुमच्यात उठत नाही, तर सामना व्हायचा कसा?

म्हणून लेखणी आली. १९१८ साली साताऱ्याला या खेळाला नियमांची चौकट देण्याचा प्रयत्न झाला. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापले आणि त्यांवर सामने भरवले. पुढे १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते पुन्हा तपासून घेतले. दोन वर्षांनी, बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने परदेशी प्रेक्षकांना हा खेळ दाखवला. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली, १९५२ साली मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा भरली. खेळाचे नाव कबड्डी ठरले आणि घोषही ‘कबड्डी’ हाच ठरला.

हा घोष एकच का ठरवला, याचा विचार आपण फारसा करीत नाही. दम हे त्या काळचे घड्याळ होते. प्रतिपक्षाच्या अंगणात तू किती वेळ राहणार? तर तुझा श्वास पुरेल तितका वेळ. प्रत्येक गडी स्वतःचे घड्याळ छातीत घेऊन जायचा. ज्याची छाती मोठी त्याची चढाई लांब, मग तो कोळ्याचा पोर असो की पाटलाचा. मला विचाराल तर कुठल्याही खेळात वेळ मोजण्याची इतकी सुंदर युक्ती झालेली नाही. त्याला खर्च नाही, किल्ली द्यावी लागत नाही.

पण या घड्याळात एक खोट होती. ते फक्त ऐकू येत असे, दिसत नसे. नियम सांगतो की घोष प्रतिपक्षाच्या अंगणात पाऊल टाकण्यापूर्वी सुरू व्हावा, तो स्पष्ट असावा, सलग असावा आणि एकाच श्वासात असावा. आता ‘स्पष्ट’ म्हणजे किती स्पष्ट? एकजण ठणठणीत आवाजात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणतो, दुसऱ्याची नुसती गुणगुण चालते. तिसरा त्याहून बिलंदर. तो घोष चालू ठेवून शब्दाच्या आडून चोरटा श्वास ओढतो. पंचाचा कान तिखट असेल तर हे पकडले जाते. पण तीन माणसे एकाच्या कंबरेला, पायाला, मांडीला झोंबली आहेत, धूळ उडते आहे, बाहेर चारशे माणसे ओरडताहेत, अशा वेळी त्या ढिगाच्या तळाशी असलेल्या गड्याचा दम चालू आहे की तुटला, हे कोणता कान सांगणार? आणि सगळा गुण तर त्यावरच. दम असताना हात रेषेला लागला तर ज्या-ज्या गड्यांनी धरले ते सगळे बाद. दम आधी तुटला तर तो एकटा बाद. अर्ध्या श्वासाचा फरक आणि चार गुणांची उलथापालथ.

दुसरी अडचण सामन्याला वेळ बांधून दिल्यावर उभी राहिली. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव म्हटल्यावर, पुढे असलेल्या संघाला वेळ काढण्याची बुद्धी होणारच. लांब दमाचा गडी पाठवायचा, त्याने मध्यरेषेजवळच इकडून तिकडे येरझारा घालायच्या, कुणाला शिवायचे नाही, कुणाच्या हाती लागायचे नाही, आणि दम संपत आला की परत. नियमाने यात वावगे काही नव्हते. खेळ मात्र मेलेला.

त्यावरचा एक उपाय म्हणजे निदान रेषा. पुरुषांच्या मैदानात ती मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर असते. चढाईत कुणाला शिवला नाहीस, तर निदान एकदा तरी ही रेषा ओलांडून ये, नाहीतर बाद. ‘निदान’ हा शब्द किती नेमका बसला आहे पाहा. या रेषेला इंग्रजीत बॉक लाइन म्हणतात, आणि तो बॉक शब्द तुमच्या-आमच्या शेतातला आहे. दोन नांगरटींच्या मध्ये न नांगरता ठेवलेला उंचवटा, आपल्या बांधासारखा, त्याला इंग्रज शेतकरी बॉक म्हणत. त्यावरून अडथळा, आणि पुढे घोडा-बैल वाटेत अडून बसतो ते अडणे, असा अर्थ झाला.

आता गंमत अशी की हाच शब्द अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानात गेला. अमेरिका तारापूरला अगदीच परकी नाही. इथल्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्यांचा करार १९६४ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी झाला, आणि ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची वीज रीतसर मिळू लागली. त्या देशाचा हा आवडता खेळ. क्रिकेटसारखाच चेंडूफळीचा, पण धावपटूने चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरचे टप्पे गाठायचे असतात. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. त्याने फेकण्याची हालचाल सुरू करून मध्येच थांबायचे नाही. हुलकावणी देऊन टप्प्यावरच्या धावपटूला फसवायचे नाही. तसे केले तर तो बॉक. पंच हात वर करतो आणि प्रत्येक धावपटूला एकेक टप्पा फुकट मिळतो. किती थांबला म्हणजे थांबला, खांदा हलला की नाही, यावर तिकडे जी भांडणे होतात ती ऐकली तर तुम्हांला आपल्या दमाच्या भांडणाची आठवण येईल.

या खेळाला शंभरावर वर्षे घड्याळ नव्हते. तेच त्याचे भूषण, असे तिकडचे जुने लोक सांगत. पण पिचर चेंडू चोळत बसायचा, फलंदाज हातमोजे सोडून पुन्हा बांधायचा, आणि सामना तीन तासांवर जायचा. शेवटी २०२३ च्या हंगामापासून त्यांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत घड्याळ लावले. टप्पे मोकळे असतील तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा. टप्प्यावर धावपटू असेल तर पहिल्या वर्षी वीस, पुढल्या वर्षापासून अठरा सेकंद. उशीर केला तर एक चेंडू त्याच्याविरुद्ध मोजला जातो. फलंदाजानेही वेळेत तयार राहायचे, नाहीतर त्याच्या नावावर एक चूक. एका हंगामात सामना सरासरीने सुमारे चोवीस मिनिटांनी आखूड झाला.

आपल्याकडे हे आधीच होऊन गेले होते. दमाच्या जोडीला कबड्डीत तीस सेकंदांची चढाई आली. छातीत हवा कितीही असो, तीस सेकंदांत परत. त्यावर तिसऱ्या चढाईचा नियम आला. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवा, नाहीतर गडी बाद. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डीचा पहिला हंगाम सुरू झाला आणि हे नियम घराघरांत पोचले. त्याच आठवड्यात, १ ऑगस्टला, ठाण्यातून निघून आपला पालघर जिल्हा झाला, हा आपला योगायोग. दूरदर्शन संचावर कोपऱ्यात सेकंद उलटे पळताना पाहून आमची लहान मुलेसुद्धा “करो या मरो” म्हणू लागली. बोईसरच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्यांच्या घरातली ती मुले, त्यांना सेकंदांचे अप्रूप नाही. त्यांचे आजे भरती-ओहोटीवर दिवस मोजत होते.

मग भांडणे मिटली का? ७ ऑक्टोबर २०२३ ची गोष्ट ऐका. चीनमधील हांगझौ, आशियाई खेळांतला पुरुषांचा अंतिम सामना, भारत आणि इराण. गुण २८–२८. सामना संपायला जेमतेम मिनिट-दीड मिनिट. भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणालाही न शिवता बाजूच्या राखीव क्षेत्रात, म्हणजे लॉबीत, त्याचे पाऊल पडले. त्याला धरायला इराणचे गडीही मागोमाग तिथे शिरले. झटापट होण्यापूर्वी राखीव क्षेत्र मैदानाबाहेरच मोजतात. मग बाद कोण? तो एकटा, की मागून आलेले सगळे? जुना नियम एक सांगत होता, नवा दुसरे. समोर घड्याळ होते, चलचित्र पुन्हा-पुन्हा पाहण्याची सोय होती. तरी निर्णय एकदा इकडे झुकला, एकदा तिकडे. दोन्ही संघ मैदानात ठाण मांडून बसले आणि सुमारे तासभर खेळ थांबला. शेवटी निर्णय भारताच्या बाजूने लागला आणि सामना ३३–२९ असा जिंकला. सुवर्णपदकाचा आनंद आपल्याला झालाच. पण कबड्डी जाणणारा मनुष्य त्या तासाला विसरणार नाही. पाऊल कुठे पडले हे सगळ्यांना दिसत होते. कोणत्या कागदाने ते मोजायचे, एवढाच वाद होता.

आता थोडे माझे मत. तीस सेकंदांचे घड्याळ आले हे बरे झाले. येरझारांचा वेळकाढूपणा त्याने संपवला. पण घड्याळ आले म्हणून दम रद्द झालेला नाही. नियमात तो आजही आहे, आणि दम तुटला की गडी आजही बाद आहे. मात्र गावोगावच्या सामन्यांत काय चालते? मैदानाच्या चारी कोपऱ्यांवर कर्णे, त्यांवर गाणी, आणि चढाई चालू असतानाच निवेदकाची बडबड. पंचाला स्वतःची शिट्टी ऐकू येत नाही, तिथे दम कुठला ऐकू यायला! मग पंच घड्याळाकडे पाहतो आणि कान बंद करतो. पोरेही हुशार. ती पहिल्या पाच-सात सेकंदांनंतर नुसते ओठ हलवतात. अशा सामन्यात हरलेल्या बाजूने दमाची तक्रार केली तर तिला उत्तर देणार कोण? तो पराभव मग गावात वर्षभर पुरतो, आणि पुढल्या साली पंच व्हायला चांगला माणूस पुढे येत नाही. माझी आयोजकांना एवढीच विनंती की चढाई चालू असेल तेवढा वेळ कर्णे बंद ठेवावेत. तीस सेकंदांचाच प्रश्न आहे.

आणि शाळेत खेळाचा तास घेणाऱ्या गुरुजींना व बाईंना एक प्रयोग सुचवतो. एका मुलाला मैदानाकडे पाठ करून उभे करा आणि त्याने फक्त ऐकायचे. दुसऱ्याच्या हाती सेकंदकाट्याचे घड्याळ द्या. तिसऱ्याला चढाईला पाठवा, आणि त्याला धरायला तीन-चार जण ठेवा. दम तुटला असे वाटताच पाठमोऱ्या मुलाने हात वर करायचा आणि घड्याळवाल्याने ते सेकंद लिहून ठेवायचे. मग चढाई केलेल्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, “खरं सांग, तुझा श्वास कधी सुटला?” पाठमोरी मुले आळीपाळीने बदलत राहा. आठ-दहा दिवसांत तुमच्या वर्गात कोणाचा कान पंचाचा आहे हे कळेल. येत्या आंतरशालेय सामन्यांत शिट्टी त्याच्याच हाती द्या.