मंदीतील भूविक्रय : मुंबईच्या बॅक बे योजनेची एक बाजू (१९२०–१९४०)

समुद्र हटवून जमीन निर्माण करण्याचे जे उद्योग मुंबईत झाले, त्यांच्या इतिहासात बांध, भराव व यंत्रसामग्री यांची चर्चा पुष्कळ आढळते. निर्माण केलेली जमीन विकावयाची कशी, हा प्रश्न मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. वस्तुतः या उद्योगांचे यशापयश बहुतेक वेळा याच प्रश्नावर अवलंबून होते. भरावास अनेक वर्षे लागतात. बाजारभाव मात्र काही महिन्यांत पालटतो. तेजीच्या भावावर आखलेली योजना मंदीच्या बाजारात उतरली म्हणजे विक्रेत्यापुढे कोणते मार्ग उरतात, याचे बोधप्रद उदाहरण म्हणून बॅक बे योजनेच्या दुसऱ्या पर्वाकडे पाहता येते.

पहिले पर्व १८६०–७० या दशकातील होय. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाचा भाव भडकला. त्या पैशाच्या पुरात ज्या कंपन्या निघाल्या त्यांत बॅक बे रेक्लमेशन कंपनी अग्रगण्य होती. मुंबई सरकारसाठी राखून ठेवलेले तिचे ४०० शेअर वरिष्ठ सरकारने नाकारल्यावर लिलावात काढण्यात आले, तेव्हा ५,००० रुपये भरलेल्या प्रत्येक शेअरामागे सरासरी २६,५०० रुपये अधिमूल्य मिळाले. म्हणजे जी जमीन अद्याप पाण्याखाली होती तिच्या केवळ आशेवर १ कोटी ६ लाख रुपये उभे राहिले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने शरणागती पत्करली, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी मुंबईतील असंख्य पेढ्या बुडाल्या. कंपनी मोडीत निघाली व तिने भरलेली थोडीशी जमीन अखेरीस सरकारकडे गेली.

या पर्वात तोटा झाला तो मुख्यतः भागीदारांचा व बँकांचा. दुसऱ्या पर्वाचे वेगळेपण असे, की त्यात सट्टेवाल्याची भूमिका खुद्द सरकारनेच स्वीकारली. पहिले महायुद्ध संपताच १९१८ ते १९२० या काळात मुंबईत पुन्हा तेजी आली. गिरण्यांनी अभूतपूर्व नफा वाटला, जागेची टंचाई तीव्र झाली आणि दक्षिण मुंबईतील जमिनीचे भाव चढले. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली स्वतंत्र विकास खाते स्थापन केले. कुलाबा ते चौपाटीच्या दिशेने आठ विभागांत १,१४५ एकर जमीन समुद्रातून काढण्याची योजना त्या खात्याकडे आली. खर्चाचा मूळ अंदाज पावणेचार कोटी रुपयांच्या आसपास होता. भांडवलासाठी साडेसहा टक्के व्याजाचे, १९३५ साली फेडावयाचे विकास कर्ज उभारण्यात आले.

योजनेचे गणित वरकरणी सरळ होते. भरावाचा दर चौरस यार्डामागे इतका, जमिनीचा बाजारभाव त्याहून पुष्कळ अधिक, तेव्हा उरलेला तो नफा. परंतु या गणितात दोन गृहीतके दडलेली होती. एक, १९१९–२० चा भाव भराव पुरा होईपर्यंत टिकेल. दोन, एका विक्रेत्याने हजाराहून अधिक एकर बाजारात आणल्याने त्या भावावर परिणाम होणार नाही. दुसरे गृहीतक पहिल्याहूनही दुर्बळ होते. दक्षिण मुंबईची जमीन महाग होती ती दुर्मिळ होती म्हणून. आणि योजनेचा हेतू तर ती दुर्मिळता नाहीशी करण्याचाच होता.

दोन्ही गृहीतके लवकरच ढासळली. खास बांधवून आणलेल्या गाळ उपसणाऱ्या जहाजाकडून अपेक्षेइतके काम झाले नाही. भिंतीतून गाळ समुद्रात परत जाऊ लागला. खर्चाचा अंदाज काही वर्षांतच सात कोटींच्या पुढे गेला. इकडे १९२२ नंतर गिरणीधंद्यास उतरती कळा लागली. जपानी कापडाची स्पर्धा, १९२४ व १९२५ चे संप, १९२७ साली कायम झालेला १ शिलिंग ६ पेन्सचा हुंडणावळीचा दर आणि १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप यांनी मुंबईचे भांडवल हवालदिल झाले. जमीन घेण्यास पुढे येणारा धनिक वर्गच संकटात सापडला. याच खात्याने कामगारांसाठी आखलेल्या ५०,००० खोल्यांच्या चाळींचीही तीच गत झाली. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या आणि त्यांपैकी वरळीच्या अनेक खोल्या दीर्घकाळ रिकाम्या पडून होत्या.

येथे विलंबाचा अर्थ लक्षात घेतला पाहिजे. सामान्य जमीनमालक मंदीत थांबू शकतो. त्याची जमीन त्याच्याकडे काही मागत नाही. कर्जाऊ पैशाने निर्माण केलेल्या जमिनीचे तसे नसते. साडेसहा टक्के सरळ व्याजाने धरले तरी दहा वर्षांच्या प्रतीक्षेत मुद्दलाच्या दोनतृतीयांशाजवळ रक्कम वाढते. म्हणजे थांबावे तर उत्पादनखर्च वाढतो आणि विकावे तर भाव आणखी पडतो, अशा दुहेरी पेचात विक्रेता सापडतो. शिवाय हा भार मुंबईच्या जमीनदारांवर नव्हे, तर इलाख्याच्या तिजोरीवर होता. आणि त्या तिजोरीचा एक प्रमुख आधार होता शेतसारा. ज्या १९२८ साली बारडोलीच्या शेतकऱ्यांनी २२ टक्के सारावाढ नाकारून सत्याग्रह केला, त्याच सुमारास त्याच सरकारचे कोट्यवधी रुपये बॅक बेच्या चिखलात अडकून होते. दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु शहरातील जमिनीच्या सट्ट्याचा तोटा कोणत्या वर्गापर्यंत झिरपू शकतो, हे त्यावरून दिसते.

लोकमताने ही बाब उचलून धरली ती खुरशेद फ्रामजी नरिमन यांच्या नेतृत्वाखाली. त्यांच्या टीकेमुळे खात्यातील एका इंजिनिअराने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. त्यातून ते १९२८ साली निर्दोष सुटले. तत्पूर्वी १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे तिचे एक सदस्य होते. समितीचा रोख योजना आवरती घेण्याकडे होता.

त्यानंतरच्या विक्रीच्या धोरणात तीन टप्पे स्पष्टपणे वेगळे करता येतात. पहिला टप्पा पुरवठा आवरण्याचा. विभाग ३ ते ६ सोडून देण्यात आले. १, २ व ८ या विभागांपुरतेच काम पुरे होऊन १,१४५ एकरांऐवजी सुमारे ४४० एकर जमीन हाती आली. अभियांत्रिकी दृष्टीने ही माघार होती. परंतु बाजाराच्या दृष्टीने उरलेल्या जमिनीस भाव मिळण्याची ती पूर्वअट होती. दुसरा टप्पा संस्थात्मक गिऱ्हाईक शोधण्याचा. कुलाब्याकडील आठव्या विभागाची सुमारे २३५ एकर जमीन लष्करी खात्याने घेतली. मिळालेल्या जमिनीचा निम्म्याहून अधिक भाग अशा रीतीने एका सरकारकडून दुसऱ्या सरकारकडे गेला, म्हणून यास खऱ्या अर्थाने बाजारातील विक्री म्हणता येणार नाही. पुढे क्रिकेट क्लब ऑफ इंडियास ९०,००० चौरस यार्ड जागा यार्डास साडेतेरा रुपये दराने मिळाली. त्या हिशेबाने १२ लाख १५ हजार रुपयांत झालेल्या या व्यवहारातून ब्रेबर्न स्टेडियम उभे राहिले व ते डिसेंबर १९३७ मध्ये खुले झाले.

तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. उरलेली जमीन लहान प्लॉटांत विभागून, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने व बांधकामाच्या निश्चित नियमांखाली देण्यात आली. ओव्हल मैदानासमोरील आणि मरीन ड्राइव्हवरील सदनिकांच्या इमारती १९३५ च्या आगेमागे व त्यानंतर उभ्या राहिल्या त्या या व्यवस्थेतून. जागतिक मंदी ओसरण्यापूर्वीच गिऱ्हाईक कोठून आले, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर मंदीच्याच स्वरूपात शोधावे लागते. १९२९ नंतर शेतमालाचे भाव निम्म्याच्या आसपास कोसळले. त्यामुळे शेतकरी नागवला गेला, परंतु ठरावीक पगार असलेल्या शहरी मध्यमवर्गाची क्रयशक्ती वाढली. सप्टेंबर १९३१ नंतर खेड्यापाड्यांतील अडचणीतले सोने मुंबईमार्गे परदेशी जाऊ लागले व नाणेबाजार सैल झाला. नोव्हेंबर १९३५ मध्ये रिझर्व्ह बँकेचा दर ३ टक्क्यांवर आला. विकास कर्जाच्या व्याजाच्या तो निम्म्याहूनही कमी होता. गिरण्यांत पैसा घालण्यास कचरणाऱ्या भांडवलदारास सदनिकांचे नियमित भाडे हा सुरक्षित मार्ग वाटू लागला. तात्पर्य, ज्या मंदीने १९२० चे गिऱ्हाईक घालविले तिनेच १९३५ चे गिऱ्हाईक घडविले. मात्र ते निराळ्या वर्गाचे होते आणि निराळी वस्तू मागत होते.

या अनुभवावरून असा निष्कर्ष निघतो, की मंदीत किनाऱ्यावरील जमीन केवळ भाव उतरवून विकली गेली नाही. पुरवठ्यास मर्यादा, व्याजदरातील घट आणि जमिनीच्या उपयोगात बदल या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच ती खपली. तथापि मरीन ड्राइव्हच्या नंतरच्या वैभवावरून योजनेचे समर्थन करणे इतिहासदृष्ट्या सदोष ठरेल. ओव्हलभोवतीच्या व मरीन ड्राइव्हवरील इमारतींचा २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. परंतु त्या वैभवाचे धनी एक होते आणि १९२० च्या दशकातील व्याज भरणारे दुसरे. सोडून दिलेल्या विभागांपैकी काहींवर स्वातंत्र्योत्तर काळात पुन्हा भराव घालण्यात आला व तेथे कार्यालयांची उत्तुंग वसाहत झाली. तिला नाव मिळाले ते नरिमन पॉइंट. म्हणजे ज्याने ही जमीन कोणाच्या पैशाने व कोणासाठी निर्माण होत आहे असा प्रश्न विचारला, त्याचेच. पुढील प्रत्येक भरावाच्या बाबतीतही तो प्रश्न तितकाच लागू पडतो.