आधी कोणाची लाइन?

सरकारी फोनचा विषय निघाला की साठीच्या पुढची मंडळी एकच गोष्ट सांगतात : तो बंद असायचा. खोटं नाही. पण आमच्या घरात तीच गोष्ट पलीकडच्या बाजूनं ऐकायला मिळायची, कारण आजोबा तारमास्तर आणि आत्या पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. दोघंही पी अँड टी, म्हणजे डाक-तार खात्यातली. घरात नुसतं ‘खातं’ म्हटलं की हेच. बाकीची सरकारी खाती जणू नव्हतीच.

आजोबांच्या लेखी तार थोरली आणि फोन धाकटा, जरा चढेल. इतिहास त्यांच्या बाजूनं आहे. तार पहिल्यापासून सरकारची. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली लाइन १८५१ची आणि चारच वर्षांत मुंबई, आग्रा, मद्रास तारेनं जोडली गेली होती. टेलिफोन मुंबईत आला १८८२ साली, तोही खासगी कंपनीच्या हातून. सरकारनं मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या टेलिफोन कंपन्या ताब्यात घेतल्या १९४३च्या एप्रिलमध्ये, महायुद्ध चालू असताना. आजोबा म्हणायचे, “फोन दत्तक आलाय आमच्याकडे.”

त्यांच्या टेबलावर तारांच्या फॉर्मच्या चळती असत. साधी तार, दुप्पट दराची अर्जंट, सरकारी तार, आणि मृत्यूची तार. या शेवटच्या तारेला खात्यात ‘एक्सएक्स’ म्हणत. ती आली की हातातलं बाजूला ठेवून आधी ती काढायची. गंमत म्हणजे ‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’ ही तार मात्र या मानाची नव्हे. तिच्यातल्या निम्म्या आया रजेच्या अर्जाला जोडण्यापुरत्याच आजारी असतात, असं आजोबांचं मत होतं. ते निम्म्या म्हणत. मला वाटतं, माणूस भिडस्त होता.

आत्याचं काम वेगळं. कानाला हेडसेट, छातीवर ट्रान्समीटर, समोर बोर्ड आणि हातात कॉर्ड. तुम्ही १८० फिरवून कॉल बुक केलात की त्याचं एक तिकीट व्हायचं : कुठून, कुठे, कोणता नंबर, किती वाजता मागितला. पी.पी. कॉल, म्हणजे अमुक माणूसच फोनवर हवा असेल, तर त्याचंही नाव. ती तिकिटं गावागावानुसार लावून ठेवायची आणि लाइन मोकळी झाली की वरचं तिकीट उचलायचं. मग तीन मिनिटांनी मध्ये बोलून विचारायचं, “वाढवायचे का?” गिऱ्हाइकाचा ठरलेला प्रश्न, “डिले किती?” आणि आत्याचं ठरलेलं उत्तर तासांत.

लोकांना वाटायचं, या बायका स्वेटर विणत बसतात. अडचण साधी होती. दोन शहरांमध्ये लाइनी मोजक्या आणि मागणारे अफाट. एका लाइनीवर एका वेळी एकच बोलणं. त्यामुळे एक्स्चेंज चालवणं म्हणजे मुळात रांग लावणं. ऑर्डिनरी मागे, दुप्पट पैसे भरणारा अर्जंट पुढे आणि आठपट मोजणारा लाइटनिंग सगळ्यांच्या पुढे. कापसाचा भाव विचारणारा व्यापारी लाइटनिंग परवडवायचा. पोरीला दिवस गेल्याची बातमी ऐकायला टपालकचेरीत ताटकळलेल्या बापाला ते कुठून जमायचं? खात्याच्या निष्ठावान मंडळींना ही टीका आवडत नसे, पण रांग गरजेची नव्हती, पैशाची होती. एरवी.

ही एरवीची रांग मोडलेली आत्यानं पाहिली ती ११ डिसेंबर १९६७ला. पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास कोयनेची धरणी हलली. पुण्या-मुंबईपर्यंत माणसं अंथरुणातून उठून रस्त्यावर आली. कोयनानगर जवळजवळ झोपलंच. त्या परिसरात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. कोयनेची वीज तुटली तसे मुंबईतले कारखानेही अडले. एक्स्चेंज मात्र बंद पडलं नाही, कारण त्याला विजेची थेट गरज नसे. खालच्या खोलीत काचेच्या भांड्यांतल्या बॅटऱ्यांची रांगच्या रांग उभी असे आणि तिच्यावर बोर्ड चाले. तिथल्या आम्लाच्या वासानं साड्यांना भोकं पडतात, ही आत्याची तक्रार निवृत्तीनंतरही टिकली.

आत्या सकाळच्या पाळीला गेली तेव्हा रात्रपाळीतला एकही पुरुष घरी गेलेला नव्हता. बोर्डावर इतके दिवे पेटले होते, की कोणता आधीचा हे कळत नव्हतं. सुपरवायझर बाईंनी खुर्चीवर उभं राहून सांगितलं : सातारा-कऱ्हाडच्या लाइनी कलेक्टर, पोलीस, वीज मंडळ आणि दवाखान्यांसाठी. बाकी बुकिंग बंद. लाइटनिंगसुद्धा बंद. त्या सकाळी आठपट पैसे कोणाच्या कामाला आले नाहीत.

धरणावर नोकरीला असलेल्या मुलासाठी एक गृहस्थ पुन्हा पुन्हा फोन करत होते. आत्या दर वेळी म्हणायची, “काका, लाइन नाही.” लाइन होती. तिच्यासमोरच्या जॅकमध्ये ती त्या क्षणी रिकामी होती, पलीकडून वीज मंडळाचा साहेब कधीही येईल म्हणून राखून ठेवलेली. “मग लावून द्यायचीस ना, तीन मिनिटांचा तर प्रश्न,” मी एकदा म्हटलं. ती चिडली. “त्यांना दिली असती तर पुढच्याला का नाही? आणि पुढच्याला दिली तर रुग्णवाहिका कोण बोलावणार?” या उत्तराशी वाद घालायला मला आजही जागा सापडत नाही. दूरसंचाराचं व्यवस्थापन या भारदस्त शब्दांत जे येतं, त्यातला बराचसा भाग हाच : समोरच्याला नाही म्हणणं आणि तरीही खुर्ची न सोडणं.

त्या गृहस्थांचं पुढे काय झालं, हे आत्याला माहीत असेल. तिनं सांगितलं नाही. तिच्या गोष्टींत लाइनी, पाळ्या, डबे, स्प्लिट ड्यूटी, सगळं असायचं. लोक काय बोलले ते कधीच नसायचं. १८८५च्या तार कायद्यात निरोप फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती खरी, पण आत्या कायद्याला भिऊन गप्प बसली असं मला वाटत नाही. ज्या बाईनं हजारो घरांची भांडणं, सोयरिकी आणि सुतकं ऐकली, तिनं आमच्या शेजारणीबद्दलही कधी चकार शब्द काढला नाही.

रांग हातानं लावायचं काम नंतर यंत्राकडे गेलं. थेट डायल करून दुसऱ्या गावी बोलण्याची, एसटीडीची सोय देशात पहिल्यांदा १९६० साली कानपूर-लखनौदरम्यान झाली. छोट्या गावांपर्यंत यायला तिनं दोनेक दशकं घेतली. १९८५मध्ये टपाल आणि दूरसंचार वेगळे झाले, पुढच्या वर्षी मुंबई-दिल्लीसाठी एमटीएनएल आलं आणि ऑक्टोबर २०००मध्ये बाकीच्या देशासाठी बीएसएनएल. जुलै २०१३मध्ये तार बंद झाली, तेव्हा शेवटच्या दिवशी आठवण म्हणून तार करायला लोकांनी रांगा लावल्या; त्यातल्या कित्येकांनी त्याआधी ती आयुष्यात केली नव्हती.

आजोबा तोवर नव्हते. आत्याच्या बरोबरीच्याही आता थोड्याच उरल्या आहेत. पाठीमागून खात्यात आलेल्यांपैकी अठ्ठ्याहत्तर हजारांवर माणसं ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी बीएसएनएलमधून स्वेच्छानिवृत्त झाली. तुमच्या ओळखीत, गल्लीत, नात्यात त्यांतलं कोणी असेल, तर त्यांना एकदा विचारा : भूकंपाच्या, पुराच्या, दंगलीच्या रात्री कोणाची लाइन आधी लावली, आणि कोणाला नाही म्हटलं? हे कुठल्याही फायलीत लिहिलेलं नाही.