खोल समुद्रात रात्री अचानक ‘३० मीटर’! खोली मोजणारं यंत्र फसतं कसं?

रात्रीची वेळ. शिडाची बोट किनाऱ्यापासून बरीच लांब आली आहे. सागरी नकाशानुसार खाली शेकडो मीटर पाणी आहे. तेवढ्यात स्क्रीनवर आकडा येतो: ३० मीटर. काही सेकंदांनी २६, मग पुन्हा ३१. खाली खडक आहे की यंत्र बिघडलं?

अनेकदा यातलं काहीच झालेलं नसतं. यंत्राला प्रतिध्वनी खरोखर ऐकू आलेला असतो, फक्त तो समुद्राच्या तळावरून आलेला नसतो.

हे यंत्र मोजतं तरी काय?

पूर्वी दोरीला शिशाचं वजन बांधून खोली मोजली जायची. कोकणातले मच्छीमार खोलीसाठी आजही ‘वाव’ हे माप वापरतात. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. आता हे काम इको साउंडर किंवा फिश फाइंडर करतो.

बोटीच्या तळाशी बसवलेला सेन्सर पाण्यात ध्वनीचा ठोका सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट पाहतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. प्रतिध्वनी ०.०४ सेकंदात परतला, तर जाऊन-येऊन ६० मीटर अंतर झालं, म्हणजे खोली ३० मीटर.

थोडक्यात, यंत्र मोजतं ती वेळ. ‘खोली’ हा त्यावरून काढलेला अंदाज असतो. प्रतिध्वनी कशावरून आला हे चुकलं, की आकडाही चुकतो.

रात्रीच जास्त फसगत का?

याचं एक कारण जिवंत आहे. खोल समुद्रात छोटे मासे, कोळंबीसारखे जीव आणि जेलीसारखे प्राणी यांचे दाट थर असतात. दिवसा ते शिकाऱ्यांच्या नजरेपासून लांब, ३०० ते ५०० मीटर खोल अंधारात राहतात. सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे जुळे सोलापुरात उभे असताना तुम्ही समुद्रापासून जितके वर असता, जवळपास तितकेच हे जीव दिवसा खाली असतात.

सूर्य मावळला की ते खाद्यासाठी वर येतात आणि पहाटे परत खाली जातात. यातल्या अनेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि हवेवरून ध्वनी जोरात परततो. त्यामुळे हजारो माशांचा थर यंत्राला ‘तळ’ वाटू शकतो.

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्याच्या ध्वनितंत्रावर काम करताना अमेरिकी शास्त्रज्ञांना १९४२ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ असाच ‘खोटा तळ’ दिसला होता. तो रात्री वर सरकतो, हे १९४५ मध्ये दाखवलं गेलं आणि हा तळ जिवंत असल्याचं कळलं. अरबी समुद्रातही असे थर आहेत. त्यात कंदील मासे मोठ्या संख्येने असतात.

दुसरं कारण साधं आहे. दिवसा पाण्याचा बदललेला रंग किंवा खडकावर फुटणाऱ्या लाटा दिसतात. रात्री ही पडताळणी करता येत नाही आणि सगळी भिस्त स्क्रीनवर राहते.

आकडा चुकण्याची इतर कारणं

- मागच्या ठोक्याचा प्रतिध्वनी: समजा यंत्र दर सेकंदाला एक ठोका सोडतं आणि खरी खोली ७८० मीटर आहे. प्रतिध्वनी यायला १.०४ सेकंद लागतात. तोवर पुढचा ठोका सुटलेला असतो. यंत्र जुना प्रतिध्वनी नव्या ठोक्याचा समजतं आणि ०.०४ सेकंद, म्हणजे ३० मीटर दाखवतं.
- दुप्पट खोली: उथळ पाण्यात कठीण तळावरून आलेला ध्वनी पृष्ठभागावर आपटून पुन्हा तळाकडे जातो. यंत्राने हा दुसरा प्रतिध्वनी पकडला तर ४ मीटरचे ८ मीटर दिसतात. ही चूक जास्त धोकादायक, कारण ती खोटा दिलासा देते.
- बुडबुडे: खवळलेलं पाणी किंवा दुसऱ्या बोटीच्या पंख्याचा फेस ध्वनी अडवतो.
- हरवलेला तळ: तळ मिळेनासा झाला की काही यंत्रं शेवटचा आकडाच लुकलुकत ठेवतात. घाईत तो ताजा वाटतो.
- मऊ गाळ: जास्त वारंवारितेचा ध्वनी गाळाच्या वरच्या थरावरून परततो, तर कमी वारंवारितेचा आत शिरतो. एकाच जागी दोन आकडे येतात. उजनीसारख्या जलाशयात गाळाचा अंदाज घेताना याच फरकाचा उपयोग होऊ शकतो.
- मोजणीची सुरुवात: आकडा सेन्सरपासून आहे, बोटीच्या सर्वात खालच्या टोकापासून की पाण्याच्या पृष्ठभागापासून, हे सेटिंगवर ठरतं. त्यातला एखादा मीटर खाडीच्या तोंडाशी महागात पडतो.

मग असा आकडा सोडून द्यायचा?

अजिबात नाही. महाराष्ट्राच्या समुद्रातच त्याचं उत्तर आहे. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवर, चहूबाजूंनी पाणीच पाणी असताना, आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. त्याला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. प्रवाळांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पठाराचा सर्वात उथळ भाग पृष्ठभागाखाली सुमारे २० मीटरवर आहे. तिथे भर समुद्रात २५ मीटरचा आकडा आला, तर तो खरा असू शकतो.

एवढं पाणी बोटीला पुरतं. पण प्रत्येक उथळ जागा इतकी दयाळू नसते. २९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री व्होल्वो ओशन रेसमधली ‘टीम वेस्टास विंड’ ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोस इथल्या प्रवाळ खडकांवर आदळली. तिथे दोष खोली मोजणाऱ्या यंत्राचा नव्हता. इलेक्ट्रॉनिक नकाशा पुरेसा झूम करून न पाहिल्याने खडक दिसले नव्हते आणि तिथे साधारण ४० मीटर पाणी असेल असा समज झाला होता. नऊही जण वाचले. पण एकाच स्क्रीनवर विसंबणं किती महाग पडू शकतं, हे जगाला दिसलं.

रात्री संशयास्पद आकडा आला तर

१. आधी वेग कमी करा. शंका राहिली तर ज्या खोल पाण्यातून आलात, तिकडेच परत वळा.
२. जीपीएसवरची जागा नकाशाशी जुळवा. नकाशा पूर्ण झूम करून पाहा.
३. आकड्यांचा कल पाहा. खरा तळ बहुधा सलग चढतो-उतरतो. माशांचा थर तुटक, अस्पष्ट दिसतो आणि त्याच्याखाली कधी कधी दुसरी रेषही असते. मात्र खडक अचानकही वर येतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल लावू नका.
४. यंत्राची रेंज, संवेदनशीलता किंवा वारंवारिता बदला. खोटा तळ अनेकदा सरकतो किंवा नाहीसा होतो. खरा तळ शक्यतो जागेवर राहतो.
५. भरती-ओहोटी हिशेबात धरा. नकाशावरची खोली सहसा मोठ्या ओहोटीच्या पातळीपासून असते, यंत्र मात्र त्या क्षणाचं पाणी मोजतं. मुंबईत मोठ्या भरतीला हा फरक साडेचार मीटरच्याही वर जातो.
६. बोट अडकली किंवा पाणी आत शिरू लागलं, तर व्हीएचएफ चॅनल १६ वर मदत मागा. मोबाइलला रेंज असेल तर भारतीय तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

लक्षात काय ठेवायचं?

नकाशा, जीपीएस आणि खोलीचा आकडा हे तीन वेगळे साक्षीदार आहेत. तिघांचं म्हणणं जुळलं तर पुढे जायला हरकत नाही. एकाचं जरी वेगळं निघालं, तरी कारण कळेपर्यंत खाली खडक आहे असंच धरून चालायचं. खोटा तळ खरा मानला तर थोडा वेळ जातो. खरा तळ खोटा मानला तर बोट जाऊ शकते.