चाल संगीतकाराची, पण व्हायोलिनचा कागद कुणी लिहिला?

गणपती जवळ आले की आपल्याकडे 'सदाबहार जुनी गाणी'च्या पत्रिका वाटल्या जातात. गायक, संगीतकार, गीतकार सगळ्यांची नावं असतात. प्रायोजकाचं तर फोटोसकट असतं. एक नाव मात्र कधीच दिसत नाही. अरेंजरचं. आज त्यांच्याविषयी थोडं लिहितो.

अरेंजर करायचा काय? संगीतकार पेटीवर चाल बसवायचा. पण नुसत्या चालीचं गाणं होत नाही. सुरुवातीचा तुकडा, दोन कडव्यांमधलं संगीत, गायिका श्वास घेते तेवढ्यात खालून वर येणारी व्हायोलिनची ओळ, हे सगळं कुणीतरी रचावं लागतं. मोठ्या गाण्याला पन्नासेक वादक असायचे. कुणी काय वाजवायचं, कधी वाजवायचं आणि मुख्य म्हणजे कधी गप्प बसायचं, हे वेगवेगळ्या कागदांवर स्टाफ नोटेशनमध्ये उतरवायचं. काही संगीतकार मधलं संगीतही स्वतःच सुचवत. तरी ते पन्नास जणांत वाटून कागदावर आणणं हे वेगळंच कसब होतं.

हे कसब मुंबईत आलं ते प्रामुख्याने गोव्यातून. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांमध्ये मुलांना लहानपणीच नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. आपले सतार-सारंगीवाले गुरूसमोर बसून कानाने शिकलेले. त्यामुळे १९४० नंतर हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद मोठे होऊ लागले, तेव्हा कागद वाचणारे आणि लिहिणारे गोंयकार लागलेच.

सेबॅस्टियन डिसोझांचंच बघा. फाळणीआधी ते लाहोरला हॉटेलात बँड चालवत. नंतर मुंबईत आले आणि ओ. पी. नय्यर, शंकर-जयकिशन या दोघांकडे अरेंजर झाले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यातली ती लाटेसारखी येणारी व्हायोलिन्स आठवा, आणि मग नय्यर यांचा टांग्याच्या ठेक्यावरचा सुटसुटीत बाज आठवा. दोन्हीकडे लिहिणारा हात एकच! 'मग संगीतकाराने काय केलं?' असं कुणी विचारेल. उत्तर याच उदाहरणात आहे. हात एक असूनही दोघांची गाणी वेगळी ओळखू येतात, कारण मूळ चाल आणि मूळ नजर संगीतकाराची होती. श्रेय हिरावून घ्यायचं नाहीये, वाटायचं आहे.

आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र घ्या. १९५१ च्या 'अलबेला'त ट्रम्पेटचा जो झणझणीतपणा आहे, त्यामागे हळदोण्याचे चिक चॉकलेट होते. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ.

आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. भारतीय राग पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिता येतील, ही त्यांची धडपड. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात त्यांनी तसा कार्यक्रमही केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुढे गोव्यात परतून शांतपणे राहिले. १९७७ ला 'अमर अकबर अँथनी'त अमिताभच्या तोंडी त्यांचं नाव आलं. ती प्यारेलाल यांनी गुरूला दिलेली दक्षिणा. देशभर लोक त्या नावावर नाचले. हा माणूस खरा आहे, हे किती जणांना ठाऊक होतं?

तेव्हा गाणं एका दमात रेकॉर्ड व्हायचं. गायक, तालवाद्यं, व्हायोलिन्स सगळे एकत्र. एकाचा सूर चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे कागद बिनचूक असावाच लागायचा. आणि तो लिहिणाऱ्याचं नाव पडद्यावर आलंच, तर 'सहाय्यक' म्हणून.

दक्षिणेत इलयाराजा हे सगळं स्वतःच लिहितात, म्हणून तिथे हा प्रश्न पडत नाही. मुंबईत ऐंशीच्या दशकानंतर सिंथेसायझर आला, मग कॉम्प्युटर. मोठा व्हायोलिन-ताफा हवाच असेल तर तो आता बुडापेस्ट नाहीतर स्कोपियेहून ऑनलाइन रेकॉर्ड करून घेतात. ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये चेन्नईत संगीतशाळा काढून मुलांना वाद्यवृंदाचं शिक्षण सुरू केलं. एवढी जुनी परंपरा असलेल्या मुंबईच्या सिनेसृष्टीला मात्र हे सुचलं नाही.

गोन्साल्विस २०१२ च्या जानेवारीत गेले. त्याच वर्षी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. चांगलंच झालं. पण अरेंजर नावाचा वेगळा हक्कदार त्यात नाही. हयात असताना रोजंदारी, गेल्यावर काहीच नाही.

कायदा आपल्या हातात नाही. पत्रिका आहे. आपल्या गावातल्या मंडळांना एवढीच विनंती: यंदा निवेदकाच्या कागदावर, जिथे माहीत आहे तिथे अरेंजरचंही नाव लिहा. आपल्या मराठी भावगीतांनाही हे लागू आहे. अनिल मोहिले, अरुण पौडवाल ही नावं संगीत संयोजक म्हणून मंचावरून मोठ्याने घेतली गेली पाहिजेत.

टाळी गायकाला मिळणारच. त्या ओळीखालून येणाऱ्या व्हायोलिनला एकदा तरी नावाने हाक मारू या.