फोनवरील आपत्ती इशारा : खासगीपणाची शंका आणि इशारा बंद करण्याची सोय

सन २०२३ च्या उत्तरार्धात देशाच्या अनेक भागांतील मोबाईल फोन अचानक, एरवी कधी न ऐकलेल्या आवाजात वाजू लागले आणि पडद्यावर एक संदेश झळकला. केंद्राच्या दूरसंचार विभागाने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने घेतलेली ती चाचणी होती. संदेशाकडे दुर्लक्ष करावे, असे त्यातच नमूद होते. तरीही दोन प्रश्न घरोघरी विचारले गेले. सरकारला माझा क्रमांक कोठून मिळाला? आणि हा इशारा नको असल्यास काय करावे?

यंत्रणा चालते कशी?

या यंत्रणेला ‘सेल ब्रॉडकास्ट’ म्हणतात. नेहमीचा एसएमएस एका क्रमांकाला उद्देशून पाठवला जातो; सेल ब्रॉडकास्टमध्ये क्रमांक लागतच नाही. ठरावीक क्षेत्रातील मनोरे एकच संदेश प्रक्षेपित करतात आणि त्यांच्या टप्प्यातील प्रत्येक फोन तो आकाशवाणीच्या संचाप्रमाणे ग्रहण करतो. परराज्यातून आलेल्या पर्यटकाच्या फोनवरही तो याच कारणाने उमटतो. लाखो फोन एकाच वेळी गाठले तरी जाळ्यावर एसएमएससारखा ताण पडत नाही. इंटरनेट बंद असले तरी संदेश पोहोचतो.

खासगीपणाचे काय?

आकाशवाणी केंद्राला आपले श्रोते कोण हे कळत नाही, तसेच येथेही आहे. संदेश स्वीकारताना फोन स्वतःचा क्रमांक, नाव वा ठिकाण इशारा पाठवणाऱ्याला कळवत नाही. संदेश कोणी वाचला याची नोंदही तिकडे होत नाही. त्यामुळे ‘इशाऱ्याच्या निमित्ताने पाळत’ ही भीती या यंत्रणेपुरती निराधार आहे.

शंका घ्यावयाचीच तर ती अन्यत्र घ्यावी. ठरावीक भागातील ग्राहकांना आपत्तीचा एसएमएस पाठवायचा असेल, तर त्या वेळी तेथे कोणते क्रमांक आहेत हे दूरसंचार कंपनीला पाहावे लागते. ‘सचेत’ किंवा विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ यांसारखी ॲप आपल्या भागाचा इशारा देण्यासाठी फोनचे स्थान विचारतात. ही ॲप उपयुक्त आहेत. मात्र स्थानाची परवानगी ‘ॲप वापरात असतानाच’ द्यावी की कायमची, हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये आपत्तीकाळात एखाद्याच्या सुरक्षिततेसाठी वा मदतीसाठी संमतीवाचूनही विदा वापरण्याची मुभा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

इशारा बंद करता येतो का?

बहुतांशी येतो. अँड्रॉइड फोनमध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ या भागात ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ हा पर्याय असतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये तो अन्य ठिकाणी असतो. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘इमर्जन्सी अलर्ट्स’ असे लिहिल्यास सापडतो. आयफोनमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ या भागात अगदी तळाशी पाहावे. तेथे अतितीव्र धोका, तीव्र धोका, चाचणी संदेश असे प्रकार बहुधा वेगवेगळे दिलेले असतात. चाचणीचा त्रास वाटत असेल तर तेवढाच प्रकार बंद ठेवावा.

सर्वोच्च श्रेणीचा इशारा मात्र प्रत्येक देशात बंद करता येत नाही. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरील इशाऱ्यास नकार देण्याची सोय कायद्यानेच ठेवलेली नाही. तेथे २०१८ मध्ये झालेल्या देशव्यापी चाचणीपूर्वी काही नागरिकांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती.

कोणाला तो बंद ठेवावा लागतो?

एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटनने देशव्यापी चाचणी घेतली, तेव्हा कौटुंबिक हिंसाचाराने पीडित महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी एक गंभीर मुद्दा मांडला. छळ करणाऱ्यापासून लपवून ठेवलेला दुसरा फोन हाच अनेकींचा बाहेरच्या जगाशी असलेला धागा असतो. तो मोठ्याने वाजला तर गुपित फुटते आणि जिवावर बेतू शकते. अशा फोनवरील इशारे कसे बंद करावेत, याची सूचना तेथील शासनाने स्वतंत्रपणे दिली. आपल्याकडेही हा धोका तितकाच खरा आहे. फोन केवळ ‘सायलेंट’ ठेवणे अशा वेळी पुरेसे नसते, कारण इशारा त्या अवस्थेतही वाजू शकतो. सर्व प्रकारचे इशारे बंद करावेत. खात्री नसेल तर फोन पूर्ण बंद ठेवावा.

खोट्या इशाऱ्यांचे सावट

१३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतील हवाई बेटांवर क्षेपणास्त्र हल्ल्याचा इशारा चुकून प्रसृत झाला आणि तो खोटा असल्याचा संदेश पोहोचण्यास ३८ मिनिटे लागली. अशा चुकांमुळे लोकांचा विश्वास उडतो आणि पुढचा खरा इशाराही दुर्लक्षिला जातो. फसवणूक करणारेही या भीतीचा लाभ घेऊ शकतात. इशाऱ्याच्या नावाखाली कोणी ओटीपी, बँक खात्याचा तपशील किंवा पैसे मागितल्यास, अथवा एखादे ॲप उतरवून घेण्यास सांगितल्यास, तो इशारा नव्हे, फसवणूक समजावी.

बंद करण्यापूर्वी

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे कोसळून राज्यातील वीजपुरवठा मोठ्या प्रमाणावर खंडित झाला. घरातील दूरचित्रवाणी बंद पडते तेव्हा खिशातील फोन हेच बातमीचे साधन उरते. अर्थात मनोरा बंद पडला तर तेही थांबते, आणि मनोऱ्याच्या टप्प्यापलीकडे समुद्रात गेलेल्या होडीपर्यंत हा इशारा पोहोचत नाही. म्हणून मच्छीमारांनी निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज पाहणे आवश्यकच आहे.

ज्याच्यापाशी सुरक्षिततेचे ठोस कारण आहे त्याने इशारे निःसंकोच बंद ठेवावेत. इतरांनी चाचणी संदेशांपुरती कळ फिरवावी आणि अतितीव्र धोक्याचा पर्याय चालू असल्याची, विशेषतः घरातील वृद्धांच्या फोनवर, पावसाळ्यापूर्वी एकदा खात्री करून घ्यावी.