देवीच्या पीठाखालील शिलालेख : सन्नती आणि कनगनहळ्ळी

देवस्थानाच्या इतिहासात देवतेचे माहात्म्य, महाजन घराण्यांची सेवापरंपरा आणि वेळोवेळी झालेले जीर्णोद्धार यांस मानाचे स्थान असते, आणि ते योग्यच आहे. तथापि मंदिराच्या पायात, ओट्यात आणि उंबरठ्याशी बसलेल्या शिळा हेही देवस्थानाचे एक जुने दप्तरच असते, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात राहत नाही. हे दप्तर किती मोलाचे असू शकते, याचा दाखला कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती येथे मिळाला आहे.

सन्नती हे चित्तापूर तालुक्यातील लहानसे गाव. कलबुर्गीहून ते सुमारे साठ किलोमीटर आहे. रेल्वेने येणारा यात्रेकरू वाडी जंक्शनावरून रायचूरच्या बाजूस जाणाऱ्या मार्गावरील नालवार स्थानकावर उतरतो. येथील चंद्रलांबा, म्हणजेच चंद्रला परमेश्वरी, ही कर्नाटक, महाराष्ट्र आणि तेलंगण या तिन्ही प्रांतांतील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी होय. सेतुराजाच्या जुलमातून पतिव्रता चंद्रवदनेस सोडविण्यासाठी देवी धावून आली आणि तिने भ्रमरांचे थवे सोडून राजाचे पारिपत्य केले, ही कथा तिच्या भक्तांच्या घरोघरी सांगितली जाते. कुळधर्मासाठी सन्नतीस येणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांनी भीमेत स्नान केले, देवीची ओटी भरली आणि आवारातील कालीमातेच्या मंदिरातही मस्तक ठेवले. त्या कालीमूर्तीच्या खाली काय आहे, याची कल्पना त्यांपैकी कोणासही असण्याचे कारण नव्हते.

इ. स. १९८६ मध्ये या कालीमंदिराचे छत कोसळले व मूर्ती भंग पावली. भक्तजनांस ही घटना अशुभ वाटली असल्यास नवल नाही. परंतु ढिगारा उपसताना मूर्तीची बैठक असलेली शिळा उघडी पडली आणि तिच्यावर अक्षरे आढळली. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत आणि आज्ञा मौर्य सम्राट अशोकाच्या, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील! शिळा दोन्ही अंगांनी कोरलेली होती. मूर्ती बसविण्याकरिता तिच्या मध्यभागी चौकोनी खाच पाडलेली असल्यामुळे लेखाचा काही भाग कायमचा नष्ट झाला आहे. उरलेला भाग मात्र संशोधकांना वाचता आला.

अशोकाचे लेख या प्रदेशास नवे नव्हते. रायचूर जिल्ह्यातील मस्की येथे १९१५ साली सापडलेल्या लेखानेच ‘देवानांप्रिय’ म्हणविणारा राजा तो अशोक, हे प्रथम निर्विवादपणे सिद्ध झाले होते. तरीही सन्नतीचा लेख विद्वानांस अचंब्यात टाकणारा ठरला. त्यात चौदा शिलालेखांपैकी बारावा आणि चौदावा असून त्यांच्या जोडीला दोन स्वतंत्र आज्ञालेख आहेत. हे स्वतंत्र लेख तोवर केवळ ओडिशातील धौली व जौगड या दोनच ठिकाणी, म्हणजे जिंकलेल्या कलिंग देशात ज्ञात होते. भीमेच्या खोऱ्यात ते मिळतील, अशी अपेक्षा नव्हती.

या आज्ञांचा आशय मननीय आहे. स्वतंत्र लेखांत सम्राट आपल्या अधिकाऱ्यांस बजावतो की, सर्व प्रजाजन आपल्या अपत्यांसमान आहेत; न्यायदान करताना मत्सर, क्रोध, उतावीळपणा आणि आळस यांपासून दूर राहावे. सीमेपलीकडील अजिंक्य लोकांनी आपणास भिऊ नये, त्यांच्या मनात विश्वास निर्माण करावा, असेही तो सांगतो. या आज्ञा तिष्य, म्हणजे पुष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांस वाचून दाखवाव्यात, अशी व्यवस्था त्याने केली होती. सीमाभागाच्या भूमीत सीमेवरील लोकांविषयीची ही आज्ञा सापडावी, हाही एक योगच.

परंतु सर्वांत विचार करण्याजोगा आहे तो बारावा लेख. सर्व पंथांच्या साधूंचा आणि गृहस्थांचा राजा मान राखतो. मात्र दान आणि मान यांहूनही प्रत्येक पंथातील सारतत्त्वाची वाढ व्हावी, हे त्यास अधिक मोलाचे वाटते. त्या वाढीचे मूळ वाणीच्या संयमात आहे. विनाकारण आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा मनुष्य वस्तुतः आपल्याच पंथाची हानी करतो. म्हणून सर्वांनी एकत्र यावे आणि एकमेकांचा धर्म ऐकावा, असे तो सुचवितो. परधर्माचा आदर सांगणारा हा लेख कित्येक पिढ्या देवीच्या पायाखाली राहिला, आणि तेथे राहिला म्हणूनच तो रस्त्याच्या खडीत अथवा चुन्याच्या भट्टीत गेला नाही.

ही शिळा पीठासाठी वापरणाऱ्यांनी बौद्धधर्माच्या द्वेषाने असे केले, असा निष्कर्ष घाईने काढणे इतिहासास धरून होणार नाही. ब्राह्मी लिपीचे ज्ञान मध्ययुगात लोप पावले होते. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ मोठ्या खटाटोपाने दिल्लीस आणविले, परंतु त्यांवरील अक्षरे लावू शकणारा एकही पंडित त्यास मिळाला नाही. इ. स. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ही लिपी उलगडली, तेव्हा कोठे ती अक्षरे बोलू लागली. सन्नतीच्या पाथरवटाच्या दृष्टीने ती एक घडीव, भक्कम शिळा होती, एवढेच म्हणता येते.

सन्नतीपासून जवळच, सुमारे तीन किलोमीटरवर, कनगनहळ्ळी आहे. तेथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने १९९४ पासून पुढील काही वर्षे उत्खनन केले आणि एका भव्य स्तूपाचे अवशेष उजेडात आणले. ‘अधोलोक महाचैत्य’ असे त्याचे नाव तेथील लेखांतच आढळते. महाराष्ट्रात घरोघरी ज्या शहाबादी फरशीवर पाऊल पडते, ती याच भीमाखोऱ्यातील चुनखडीची. तसल्याच स्थानिक चुनखडीच्या मोठमोठ्या फलकांवर बुद्धचरित्रातील आणि जातककथांतील प्रसंग कोरून स्तूप मढविलेला होता. त्यांतील एका फलकावर राण्या व सेविका यांच्यासह एक राजा उभा असून त्याखाली ब्राह्मीत अशोकाचे नाव कोरले आहे. नावासह असलेले हे अशोकाचे शिल्प म्हणजे भारतीय इतिहासाचे अपूर्व धन होय. सातवाहन राजांची शिल्पेही तेथे नावानिशी आहेत. सातकर्णी महाचैत्यास रुप्याची कमळे अर्पण करीत आहे, असे एका लेखात म्हटले आहे. पैठणच्या ज्या राजकुळाचा महाराष्ट्रास अभिमान, त्याच कुळातील राजा भीमेच्या काठी बुद्धाच्या स्तूपास फुले वाहतो! आजची प्रांतांची सीमा त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

एका धर्माचे स्थान दुसऱ्याच्या सेवेत आल्याची उदाहरणे सीमेच्या अलीकडेही सांगितली जातात. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मागील बाजूस गजपृष्ठाकृती आहे. त्यावरून हेन्री कझिन्स यांनी ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे मत मांडले होते. बीदर जिल्ह्यात हुमनाबादजवळ जलसंगवी येथील चालुक्यकालीन मंदिरावर तर शिलालेख लिहीत असलेल्या सुंदरीचेच शिल्प आहे. आपले म्हणणे दगडावर ठेवून जाण्याची हौस या भूमीस किती जुनी आहे, हे ती मूकपणे सांगते.

या प्रदेशात बौद्धधर्म आज केवळ अवशेषरूपाने उरलेला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीस, नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्या परंपरेत कलबुर्गी शहरात उभारलेल्या भव्य बुद्धविहाराचे उद्घाटन २००९ साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. कलबुर्गीहून सन्नतीस कुळधर्मासाठी जाणाऱ्या कुटुंबास प्रथम विहार, मग कनगनहळ्ळीचा स्तूप आणि शेवटी कुलस्वामिनीचे दर्शन असा क्रम सहज जमण्यासारखा आहे. त्याने कुळधर्मास उणेपणा येत नाही. बाराव्या लेखातील उपदेश मात्र आचरणात येतो.

या वृत्तान्तातून देवस्थानांच्या महाजनांस एक व्यावहारिक बोधही घेण्यासारखा आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुन्या शिळा फोडून भरावात घातल्या जातात, वीरगळ सिमेंटात बुजतात, कोरीव अक्षरांवर तैलरंगाचे थर चढतात. सन्नतीची एक खाच केवढा मजकूर गिळून बसली, हे आठवले म्हणजे अशा कामापूर्वी प्रत्येक शिळा धुऊन, दोन्ही अंगांनी पाहून घेण्याची आवश्यकता पटेल. अक्षरे वा शिल्प आढळल्यास काम थांबवावे, छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे. शिलालेखांचे ठसे घेऊन त्यांचे वाचन करणारी त्या खात्याची शाखा म्हैसूर येथे आहे. पाथरवटास लिपी येत नव्हती, म्हणून त्याच्या हातून झालेली हानी क्षम्य ठरते. आज लिपी वाचणारे असताना तीच हानी झाली, तर तिला क्षमा नाही. देवाच्या ठेव्याचे विश्वस्तपण सोन्याचांदीपुरते नसून पायाच्या दगडापर्यंत पोचते, हे सन्नतीच्या देवीने आपल्या पीठाखालची ठेव परत करून दाखवून दिले आहे.