महाविद्यालयीन विद्यार्थी आणि प्रसारमाध्यमे : महाराष्ट्रातील दैनंदिन सवयींचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

'आजचा विद्यार्थी वाचत नाही' हे विधान महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याची तपासणी करण्याची आवश्यकता कोणाला भासत नाही. या विधानात दोन गृहीतके दडलेली आहेत. पूर्वीचा विद्यार्थी वाचत होता, हे पहिले. आणि वाचणे अथवा न वाचणे ही सर्वस्वी त्या विद्यार्थ्याच्या इच्छेची बाब आहे, हे दुसरे. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा वृत्तपत्र, नियतकालिक, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि मोबाईल यांच्याशी दररोज आलेला संबंध कालक्रमाने पाहिला असता यातील दुसरे गृहीतक विशेष दुबळे ठरते. माध्यम कोणाच्या मालकीचे, त्याची वेळ कोणी ठरविलेली आणि ते कोणाच्या सान्निध्यात अनुभवावे लागे, या तीन गोष्टींनी त्या त्या काळातील विद्यार्थ्याची सवय घडविली. अभिरुचीचा क्रम त्यानंतरचा. प्रस्तुत लेखात या दृष्टीने काही टप्प्यांचा विचार केला आहे.

शिक्षकच संपादक असण्याचा काळ

६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन करू लागले. ही केवळ चरित्रात्मक नोंद नव्हे. एकोणिसाव्या शतकातील मराठी विद्यार्थ्याच्या हाती पडणारे वृत्तपत्र पुष्कळदा त्याच्या शिक्षकाने अथवा शिक्षकाच्या सहकाऱ्याने लिहिलेले असे. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी उभी राहिली. निबंधवाचन, चर्चा आणि नियतकालिके यांचे वातावरण तेथे वर्गाबाहेर, परंतु अध्यापकांच्या नजरेसमोर तयार झाले. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलच्या स्थापनेनंतर एका वर्षाने, ४ जानेवारी १८८१ रोजी, 'केसरी' निघाला. त्याचे आरंभीचे संपादक आगरकर पुढे १८८८ मध्ये 'सुधारक' काढून फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. १८९८ मध्ये 'काळ' सुरू करणारे शि. म. परांजपे हेही मूळचे अध्यापकच.

या विद्यार्थ्याचे मराठी वाचन अभ्यासक्रमाचा भाग मात्र नव्हते. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने पुढील दशकातच देशी भाषांना वरच्या परीक्षांतून वगळले. त्यांना पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना दीर्घकाळ झगडावे लागले. म्हणजे पदवीसाठी इंग्रजी ग्रंथ पाठ करणारा विद्यार्थी जेव्हा मंगळवारी 'केसरी'ची वाट पाहत असे, तेव्हा परीक्षेच्या दृष्टीने तो वेळच दवडत होता. आज ज्या वाचनाची आठवण गौरवाने काढली जाते, ते वाचन त्या काळी अभ्यासेतर होते, हे ध्यानी घेणे उचित ठरेल.

वाचनाची पद्धतीही आजच्यापेक्षा निराळी होती. अंक एक, वाचक अनेक. वसतिगृहात, खानावळीत किंवा नगरवाचनालयात एकाने मोठ्याने वाचावे, इतरांनी ऐकावे आणि वाचन संपण्यापूर्वीच वादाला तोंड फुटावे, हा प्रकार सार्वत्रिक होता. पुण्याचे वाचनालय १८४८ चे. रत्नागिरीचे तर त्याहूनही जुने, १८२८ चे. साप्ताहिकाच्या गतीने बातमी येई आणि आठवडाभर तिची चर्चा पुरे. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थ्यांच्या राजकीय सहभागावर निर्बंध आणले. त्यानंतर वसतिगृहातील वृत्तपत्रही संशयाच्या कक्षेबाहेर राहिले नसल्यास नवल नाही.

या सामूहिक वाचनाच्या चित्रात विद्यार्थिनी मात्र क्वचितच दिसते. वाचनालयाच्या बाकावर पुरुषांच्या रांगेत जाऊन बसणे तिला सामाजिकदृष्ट्या जवळजवळ अशक्य होते. तिच्यापर्यंत माध्यम पोहोचले ते घरी येणाऱ्या मासिकाच्या रूपाने. १९२० मध्ये सुरू झालेले 'किर्लोस्कर' आणि १९३० मधील 'स्त्री' यांचे महत्त्व या अंगाने पुरेसे विचारात घेतले गेलेले नाही. वर्गणी वडिलांच्या किंवा भावाच्या नावे असे आणि अंक आधी कोणी वाचावा याचाही क्रम ठरलेला असे. तरीही घराबाहेर पाऊल न टाकता बाहेरचे जग वाचण्याची ती एक वाट होती.

रेडिओ : सरकारची वेळ आणि विद्यार्थ्याचा कान

२३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले, तरी पुढची दोन-तीन दशके रेडिओ ही विद्यार्थ्याच्या मालकीची वस्तू नव्हती. संच महाग होता आणि त्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. तो घरातील कर्त्या पुरुषाच्या, उपाहारगृहाच्या अथवा एखाद्या संस्थेच्या मालकीचा असे. १९४२ च्या आंदोलनातील गुप्त काँग्रेस रेडिओ हा या इतिहासातील विलक्षण अपवाद होय. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत ऑगस्टपासून नोव्हेंबरमध्ये झालेल्या अटकेपर्यंत हे प्रक्षेपण चालविले. शिक्षण अर्ध्यावर सोडून आलेली एक तरुणी येथे माध्यमाची ग्राहक न राहता चालक झाली. अशी उदाहरणे थोडी आहेत, म्हणूनच त्यांचे मोल अधिक.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने श्रोत्याची अभिरुची घडविण्याचा जो प्रयोग केला, तो अध्यापकांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर यांनी शास्त्रीय संगीताला प्राधान्य दिले आणि आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. हेतू उदात्त होता, यात शंका नाही. परिणाम मात्र विपरीत झाला. तरुण श्रोता रेडिओ बंद करून बसला नाही. त्याने काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. १९५२ च्या अखेरीस सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोहून प्रक्षेपित होई. निवेदक अमीन सयानी त्या वेळी जेमतेम वीस वर्षांचे होते. बुधवारी रात्री आठ वाजता वसतिगृहातील ज्या खोलीत संच असे तेथे, नसल्यास कोपऱ्यावरच्या हॉटेलात, मुले जमत. कोणते गाणे कितव्या पायरीवर राहील यावर पैजा लागत, आणि हजारो श्रोते आठवड्याला पोस्टकार्डे पाठवत. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच 'विविध भारती' सुरू करावी लागली. विद्यार्थ्यांसाठी काय हितकर आहे हे वरून ठरवून त्यांची सवय बदलता येते, असे मानणाऱ्यांनी ही पाच वर्षे नजरेआड करू नयेत.

केवळ उथळ तेच लोकप्रिय होते, असाही निष्कर्ष यातून काढता येत नाही. १९५३ मध्ये सुरू झालेल्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' वर्षभर दर आठवड्याला प्रसारित झाले. ठरलेल्या वेळी संचाभोवती जमणाऱ्या श्रोत्यांत आणि 'गीतमाले'च्या श्रोत्यांत तीच तरुण मंडळी असू शकत. एकाच आठवड्यात दोन्ही ऐकणारा विद्यार्थी विसंगत वाटत असेल, तर दोष वर्गीकरणाचा आहे.

साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि संच भिंतीच्या फळीवरून खांद्यावर आला. कसोटी सामन्याच्या दिवशी वर्गातील मागच्या बाकावर कानाला लावलेला छोटा ट्रान्झिस्टर ही त्या पिढीच्या अध्यापकांची कायमची डोकेदुखी होती. धावसंख्या विचारण्याचा मोह त्यांच्यापैकी कितीजणांना आवरला असेल, हा प्रश्न निराळा. बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाने क्रिकेट इंग्रजी न जाणणाऱ्या विद्यार्थ्याच्याही आवाक्यात आणले. १९६९ पासून आकाशवाणीने 'युववाणी'द्वारे तरुणांना सूक्ष्मध्वनिक्षेपकासमोर बोलण्याची संधीही दिली.

याच काळात छापील माध्यमाचाही विस्तार होत होता. १९६१ मध्ये 'माणूस' आणि १९६२ मध्ये 'महाराष्ट्र टाइम्स' सुरू झाले. 'साधना', 'सत्यकथा' यांचा विद्यार्थी-वाचक संख्येने लहान असला तरी निष्ठावंत होता. मोठी संख्या होती ती डिपॉझिट भरून मासिक वर्गणीवर पुस्तके देणाऱ्या खाजगी वाचनालयांच्या सभासदांची, आणि तेथे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे राज्य होते. 'पूर्वीचा विद्यार्थी वाचत होता' असे म्हणताना ही पुस्तके सोयीस्करपणे विसरली जातात. पालक आणि शिक्षक तेव्हाही चिंतेतच होते. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला दोषमुक्त केले. तरुण वाचक बिघडेल ही भीती त्या वेळी छापील शब्दाविषयी होती.

दूरचित्रवाणी आणि दुपारचा वर्ग

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. राज्याच्या मोठ्या भागात मात्र दूरचित्रवाणी पोहोचली ती १९८० च्या दशकात. येथे सामूहिकता टिकली, परंतु तिचे स्थान बदलले. वसतिगृह व वाचनालय यांच्याकडून ती दिवाणखान्याकडे गेली, आणि विद्यार्थी मित्रांऐवजी आईवडील, आजी व शेजारी यांच्यासमवेत माध्यम अनुभवू लागला. विद्यार्थिनीच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होता. भाऊ जे पाहत असे तेच, त्याच वेळी तीही पाहू लागली.

या दशकातील एक उपक्रम येथे विस्ताराने नोंदविणे आवश्यक आहे. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा शैक्षणिक कार्यक्रम सुरू केला. पुणे विद्यापीठातील केंद्रासह देशातील अनेक केंद्रांनी त्यासाठी परिश्रमपूर्वक निर्मिती केली. उद्देश ग्रामीण व निमशहरी विद्यार्थ्यांपर्यंत उत्तम अध्यापन पोहोचविण्याचा होता. प्रक्षेपणाची मुख्य वेळ मात्र दुपारची, म्हणजे विद्यार्थी महाविद्यालयात असण्याची. संच होता घरी. भाषा प्राधान्याने इंग्रजी. ज्याच्यासाठी योजना आखली तो विद्यार्थी शिकत होता मराठीतून. काही महाविद्यालयांना संच मिळाले, परंतु तो कुलूपबंद कपाटातून बाहेर काढण्यासाठी किल्ली ज्याच्याकडे असेल त्याची वाट पाहावी लागे, अशा तक्रारी जुन्या अध्यापकांच्या बोलण्यात येत. रात्रीच्या मालिकेला अलोट गर्दी आणि दुपारच्या पाठाला रिकामी खोली, याचे स्पष्टीकरण केवळ विद्यार्थ्यांच्या अनास्थेत शोधणे अन्यायाचे होईल.

१९९१ नंतर केबलद्वारे वाहिन्यांची संख्या वाढली आणि २००० च्या सुमारास खाजगी मराठी वाहिन्याही स्थिरावल्या. वेळेचे बंधन काहीसे सैल झाले, मालकीचे नाही. रिमोट कोणाच्या हाती, हा घरातील सत्तेचा प्रश्न राहिला.

खिशातील माध्यम

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तरी विद्यार्थ्याने ते प्रथम पाहिले ते तासाच्या दराने, सायबर कॅफेच्या लाकडी कप्प्यात. २००३ मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाल्यावर मोबाईल विद्यार्थ्याच्या खिशात आला. त्यानंतरची एक सवय नोंदींतून निसटण्याचा संभव आहे. तालुक्याच्या बस स्थानकाजवळील मोबाईल दुकानात दहा-वीस रुपये देऊन मेमरी कार्डवर गाणी आणि चित्रपट 'भरून' घेतले जात. इंटरनेट नसलेल्या विद्यार्थ्याचे ते ग्रंथालयच होते. निवड दुकानदाराच्या संगणकात जे असेल त्यापुरती, परंतु ऐकण्याची वेळ सर्वस्वी स्वतःची.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले आणि तिन्ही बंधने एकाच वेळी ढिली झाली. संच स्वतःचा, वेळ स्वतःची, सोबत कोणाचीही नाही. खाजगी माध्यम प्रथमच हाती आल्याचा अनुभव विद्यार्थिनीसाठी अधिक मोठा होता. फोन तपासणारे वडीलबंधूही अर्थात त्याबरोबर आलेच. वाचन या काळात नाहीसे झाले असे म्हणता येत नाही. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी ग्रामीण मुले वृत्तपत्रातील संपादकीय पाने पेन हाती घेऊन, टिपणे काढत वाचतात. 'लोकराज्य' व 'योजना' यांचे अंक तेथे झिजेपर्यंत हाताळले जातात. एकेकाळी परीक्षेबाहेर असलेले वृत्तपत्र येथे परीक्षेचे साधन झाले आहे. मोठ्याने वाचण्याला मात्र तेथे सक्त मनाई असते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर अध्यापन मोबाईलवर गेले आणि खिशातील या माध्यमाची मालकी पुन्हा तपासली गेली. अनेक घरांत स्मार्टफोन एकच होता आणि शिकणारी मुले दोन-तीन. दिवसा तो वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जाई. सकाळी दहाचा तास विद्यार्थी सायंकाळी, फोन घरी परतल्यावर, ध्वनिमुद्रण असेल तर पाहत असे. आणि भाऊ व बहीण या दोघांचे तास एकाच वेळी आले, तर फोन कोणाला मिळे हे बहुतेक प्राध्यापकांना हजेरीपटावरूनच कळले.